अक्षर एक, अर्थ अनेक

पेशवाईच्या इतिहासातील 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. नारायणरावांस 'धरावे' एवढाच मूळचा हुकूम होता. परंतु आनंदीबाईंनी त्या कागदावरील 'ध' खोडून तेथे 'मा' केला, आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले, असे सांगतात. कथेतील खरेखोटे काहीही असो, त्यातून मराठी भाषेला एक वाक्प्रचार मात्र कायमचा लाभला. एका अक्षराने माणसाचा जीव जाऊ शकतो, हे त्याचे सार होय.

परंतु एकही अक्षर न खोडता, एकही काना-मात्रा न बदलता शब्दाचा अर्थ पालटला तर काय करावे? लिहिणाराने जे लिहिले तेच वाचणाराने वाचले. कागद स्वच्छ, शाई स्वच्छ, दोघांच्याही मनात काही काळेबेरे नाही. आणि तरीही लिहिणाराचा अर्थ एक आणि वाचणाराचा दुसरा. जेथे दोन भाषा एकाच लिपीत लिहिल्या जातात तेथे हा प्रकार नित्य घडतो. आम्ही राहतो ते इंदूर नगर हे त्याचे एक उत्तम उदाहरण होय. येथे मराठी व हिंदी या दोन भाषा एकाच देवनागरी लिपीचे वस्त्र पांघरून एकाच रस्त्याने चालतात. पाठमोरी पाहिली असता एक कोणती व दुसरी कोणती ते कळत नाही. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही आपली म्हण या शब्दांस जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले आज नोकरीधंद्यानिमित्त मध्य प्रदेशात व उत्तरेकडे जातात. कोणाची लेक तिकडे दिलेली असते. 'हिंदी काय, आपल्यासारखीच आहे,' असे म्हणून ती गाडीत बसतात. हे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे. जेथे ते खरे नाही, त्या जागा दाखवून द्याव्यात एवढाच या लेखाचा हेतू आहे.

युरोपातील नमुने

प्रथम थोडे दूर पाहू. युरोपखंडात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज अशा अनेक भाषा एकाच रोमी लिपीत लिहितात. त्यामुळे एकच स्पेलिंग दोन देशांत दोन अर्थ धारण करते. बी, यू, आर, आर, ओ ही पाच अक्षरे इटलीतील दुकानात वाचली तर लोणी मिळेल. तीच स्पेनमध्ये वाचली तर समोर गाढव उभे राहील! दोन्ही शब्दांचा उच्चार 'बुर्रो' असाच. इटालियन शब्द लोण्याच्या ग्रीक-लॅटिन नावावरून आला, स्पॅनिश शब्द लहान घोड्याच्या लॅटिन नावावरून आला. दोन निरनिराळ्या गावांहून निघालेले दोन वाटसरू एकाच धर्मशाळेत एकाच नावाने उतरावेत, तसे हे झाले.

दुसरे उदाहरण याहून विचार करण्याजोगे आहे. जी, आय, एफ, टी म्हणजे इंग्रजीत भेटवस्तू. जर्मन भाषेत तोच शब्द विषासाठी आहे. येथे मात्र मूळ एकच. 'देणे' या अर्थाच्या धातूपासून दोन्ही शब्द निघाले. जे दिले ते गिफ्ट. वैद्याने मोजून दिलेली औषधाची मात्राही 'दिलेलीच' असते, आणि शत्रूने दुधात घालून दिलेले विषही 'दिलेलेच' असते. आपणही 'त्याला विष दिले' असेच म्हणतो. जर्मनांनी ते नाव विषाला ठेवले. हुंड्यासाठी असलेल्या त्यांच्या जुन्या शब्दात मात्र अद्याप देण्याचाच अर्थ शिल्लक आहे. आणि स्वीडनमध्ये याच अक्षरांचा विषाखेरीज आणखी एक अर्थ 'विवाहित' असा होतो. भेट, विष आणि विवाह हे तिन्ही अर्थ एका शब्दात नांदतात, यावर आमच्या संसारी वाचकांनी काय टिप्पणी करावी ते त्यांचे त्यांनी ठरवावे.

तिसरा शब्द पी, ए, आय, एन. इंग्रजीत दुखणे, फ्रेंचमध्ये भाकरी. इंग्रजी शब्दाचे मूळ 'पेना' या लॅटिन शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ दंड, शासन. फ्रेंच शब्दाचे मूळ 'पानिस' या लॅटिन शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ भाकरी. याच 'पानिस'पासून पोर्तुगीजांचा 'पांव' झाला आणि पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर उतरला. वसईपासून गोव्यापर्यंत घरोघरी खाल्ला जाणारा आपला पाव तो हाच. म्हणजे इंग्रजाला ज्या अक्षरांत वेदना दिसते त्याच अक्षरांत फ्रेंच माणसाला आपल्या पावाचा सख्खा भाऊ दिसतो. आणि आपल्या मराठीत तरी 'पाव' एकच आहे काय? पावशेरातील 'पाव' हा संस्कृत 'पाद' म्हणजे चतुर्थांश यावरून आलेला अगदी निराळा शब्द आहे. पाव किलो पाव मागताना आपण लॅटिन व संस्कृत या दोन्ही भाषांना एकाच वाक्यात राबवतो, आणि दुकानदारालाही त्यात काही नवल वाटत नाही.

इंदुरात दोन भाषा कशा भेटल्या

आता आपल्या इंदूरकडे वळू. माळव्यात मराठी भाषा होळकरांच्या दौलतीबरोबर आली. अहिल्याबाईंचा कारभार १७६७ ते १७९५ या काळात नर्मदाकाठी महेश्वर येथून चालत असे. १८१८ साली मंदसोरचा तह झाल्यावर होळकरांची राजधानी इंदुरास आली. सरदार, कारकून, शास्त्री, वैद्य, शिपाई अशी मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. भोवतालचा मुलूख माळवी बोलणारा व हिंदी लिहिणारा. दरबारात मराठीचे वजन मोठे. १९४८ साली हे संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशात सामील झाले. तेव्हापासून शाळा, कचेरी व न्यायालय यांची भाषा हिंदी, आणि मराठी घरांत मात्र देवघर व स्वयंपाकघर यांची भाषा मराठी, अशी वाटणी होत गेली.

या नगराने दोन्ही भाषांचा मान राखला आहे. १९१७ साली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले. गणेश जनार्दन आगाशे हे त्याचे अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, हिंदी साहित्य संमेलन येथेच भरले आणि त्याचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषविले. दक्षिण भारतात हिंदीचा प्रसार करण्याच्या कार्याला त्या संमेलनापासून चालना मिळाली. १९३५ साली तर गांधीजींच्याच अध्यक्षतेखाली हिंदी संमेलन आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी संमेलन, अशी दोन्ही संमेलने एकाच वर्षी या एका शहरात झाली. पुढे २००१ साली विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा येथे मराठी संमेलन झाले. दोन बहिणींचे माहेरपण एकाच घरी व्हावे, तसा हा योग होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पूर्वी हाताने लिहावयाचे मराठी कागद बहुधा मोडी लिपीत असत. होळकरांच्या दप्तरातील जुन्या मराठी कागदांचेही तेच. मोडी कागद हाती आला की वाचणारास तो मराठी आहे हे पाहताक्षणीच कळे. पुढे छापखान्याबरोबर बालबोध, म्हणजे देवनागरी, सर्वत्र रूढ झाली आणि विसाव्या शतकात मोडी मागे पडली. त्यामुळे वाचणे सोपे झाले खरे, परंतु दोन भाषांमधील डोळ्यांना दिसणारे कुंपणही नाहीसे झाले. आज इंदूरच्या रस्त्यावरील पाटी मराठी आहे की हिंदी, हे अर्धे वाक्य वाचल्यावाचून कळत नाही. फसगतीला जागा होते ती येथेच.

एका आईची दोन लेकरे

या फसव्या शब्दांचे तीन वर्ग करता येतील. पहिला वर्ग संस्कृतातून आलेल्या शब्दांचा. त्यांचे मूळ एकच. परंतु त्या मुळातील एक अर्थ मराठीने उचलला, दुसरा हिंदीने.

'शिक्षा' हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध शब्द. मराठीत शिक्षा म्हणजे अपराधाबद्दल भोगावे लागणारे शासन. हिंदीत शिक्षा म्हणजे विद्या देणे. २०२० साली केंद्र सरकारच्या मनुष्यबळ खात्याचे नाव बदलून हिंदीत 'शिक्षा मंत्रालय' असे झाले. हिंदी वाचणारास ते नाव सरळ वाटले. मराठी वाचणाराच्या मनात मात्र छडी उगारलेली दिसली! त्यापूर्वी २००१ पासून देशभर चाललेल्या 'सर्व शिक्षा अभियाना'ची पाटी महाराष्ट्रातील शाळांच्या भिंतींवरही झळकली, आणि सर्वांना शिक्षा करण्याची ही कसली मोहीम, अशी थट्टा गावोगाव झाली.

वस्तुतः मूळ धातूचा अर्थ शिकणे असाच आहे. वेदांच्या सहा अंगांपैकी उच्चारशास्त्राला 'शिक्षा' असेच नाव आहे. मग मराठीत त्याचा दंड कसा झाला? शिकविण्याची जुनी रीत ज्यांनी सोसली आहे त्यांना हे सांगावयास नको. 'त्याला चांगला धडा शिकवीन' असे आपण म्हणतो तेव्हा पुस्तकातील धडा आपल्या मनात नसतो. मराठीने 'शिक्षण' हा शब्द विद्येकडे ठेवला आणि 'शिक्षा' हा छडीकडे दिला. लॅटिन भाषेतही नेमके हेच झाले आहे. 'दिशिप्लिना' म्हणजे मूळचे शिकणे. शिष्याला इंग्रजीत जे नाव आहे तेही त्याच कुळातले. परंतु पुढे मठांमध्ये देहदंडासाठी वापरावयाच्या चाबकालाही तेच नाव मिळाले. तेव्हा मराठीने काही विपरीत केले असे कोणी समजू नये. जे मराठीत झाले तेच रोमच्या भाषेतही झाले.

'यातायात' पाहा. संस्कृतात 'यात' म्हणजे गेलेला, 'आयात' म्हणजे आलेला. जाणे-येणे एवढाच सरळ अर्थ. हिंदीने तो तसाच ठेवून वाहतुकीला लावला. इंदूरच्या चौकात उभ्या असलेल्या पोलिसाच्या खात्याचे नाव 'यातायात' असे असते. मराठीत मात्र यातायात म्हणजे दगदग, खटाटोप. एका दाखल्यासाठी तालुक्याला चार हेलपाटे घातलेल्या माणसाला जाणे-येणे म्हणजेच दगदग, हे पटवून देण्याची गरज नाही.

'चेष्टा' या शब्दाचा मूळ अर्थ हालचाल, हातपाय हलविणे. हिंदीत त्याचा अर्थ प्रयत्न असा झाला. मराठीत हातवारे करून केलेली टवाळी असा झाला. समजा, हिंदी घरातील मुलगी इंदूरच्या मराठी घरात सून म्हणून आली. पहिल्याच सणाला ती मोठ्या कष्टाने पुरणपोळी करते आणि नव्याने शिकलेल्या मराठीत सासूबाईंना नम्रपणे सांगते, 'आई, मी पुरणपोळीची फार चेष्टा केली.' तिने पुष्कळ प्रयत्न केला, हे तिचे म्हणणे. सासूबाईंच्या कानी मात्र भलतेच पडते. घर समजूतदार असेल तर हशा पिकेल. नसेल तर त्या एका शब्दाची आठवण वर्षभर काढली जाईल.

'अभिमान' हा शब्दही असाच नाजूक आहे. मराठीत 'तिला माहेरचा अभिमान आहे' ही स्तुती झाली. हिंदीत अभिमान म्हणजे पुष्कळदा गर्व, ताठा. स्तुती करावयाची तर तेथे 'गर्व' किंवा 'गौरव' म्हणतात, आणि मराठीत 'गर्व' म्हटले की ती निंदा होते! सद्गुण आणि दुर्गुण यांनी दोन घरांत एकमेकांचे अंगरखे घातले आहेत.

'संसार' म्हणजे हिंदीत अवघे जग. मराठीत नवराबायको, चूल, भांडीकुंडी आणि मुलेबाळे. मूळ अर्थ सतत फिरत राहणे, जन्ममरणाचा फेरा. हिंदीने तो फेरा विश्वाएवढा मोठा पाहिला, मराठीने घराएवढा. 'समाधान' या शब्दात एकत्र नीट ठेवणे असा भाव आहे. हिंदीत प्रश्न सुटला की समाधान होते. मराठीत मन निवले की होते. प्रश्न सुटूनही मन निवत नाही आणि प्रश्न न सुटताही मन निवते, हा अनुभव कोणाला नाही? 'राग' शब्दाचे मूळ रंगविणे या अर्थाच्या धातूत आहे. मनाला रंग चढविणारी ती भावना. संस्कृत व हिंदीत तो रंग मुख्यतः प्रीतीचा, आसक्तीचा. मराठीत तो एकट्या संतापाचा उरला. गायनातील राग मात्र दोन्ही भाषांत एकच आहे. उस्ताद अमीर खाँ यांनी नावारूपास आणलेल्या इंदूर घराण्याचा राग मराठी माणूस ऐकतो तेव्हा तो रागावत नाही, हे आपले भाग्य.

कचेरीतील शब्द

दुसरा वर्ग फारसी व अरबी भाषांतून आलेल्या शब्दांचा. हे शब्द बहुतेक राज्यकारभारातून आले, आणि आजही कचेरीत व न्यायालयात त्यांचाच वावर आहे. म्हणून येथे गैरसमजाची किंमत हशावर भागत नाही.

'राजीनामा' याचा मूळ अर्थ राजी असल्याचे पत्र, संमतीचा लेख. मराठीत त्याचा अर्थ नोकरी वा पद सोडण्याचे पत्र असा ठरला. जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली कामात जमिनीवरील हक्क सोडून देण्याच्या अर्जालाही राजीनामा म्हणत. म्हणजे 'सोडण्यास राजी' हा भाव तेथे आधीपासून होता. हिंदी मुलखातील न्यायालयांत मात्र राजीनामा म्हणजे वादी-प्रतिवादींची आपसांतील तडजोड. नोकरी सोडण्याच्या पत्राला तेथे 'इस्तीफा' किंवा 'त्यागपत्र' म्हणतात. आता समजा, गावाकडून आलेला आपला एखादा तरुण इंदुरात कारखान्यात कामाला आहे, आणि मालकाशी त्याचा मजुरीबद्दल दावा चालू आहे. समोरचा त्याला म्हणतो, 'राजीनामा कर लो.' तरुणाला वाटते, मला नोकरीवरून काढू पाहतात. वास्तविक त्याला तडजोड करण्यास सांगितलेले असते. किंवा त्याच्या उलट, हिंदी मुलखातील मजूर महाराष्ट्रात येतो. 'राजीनाम्यावर सही कर' असे त्याला कोणी सांगते. तडजोडच आहे असे समजून तो सही करतो आणि घरी येतो तो नोकरी गमावून. येथे कोणी 'ध'चा 'मा' केलेला नसतो. अक्षरे जशीच्या तशी असतात, पण पोटावर पाय मात्र येतो.

'सही' हाही शब्द त्याच दप्तरातला. अरबी मूळ अर्थ खरे, बरोबर. हिंदीत 'सही' म्हणजे आजही बरोबर. मराठीत कागद बरोबर असल्याची खूण म्हणून जे नाव खाली लिहावयाचे ती सही. हिंदी कचेरीत त्यासाठी 'दस्तखत' किंवा 'हस्ताक्षर' मागतात. आणि मराठीत हस्ताक्षर म्हणजे अक्षराचे वळण! 'आपके हस्ताक्षर चाहिए' असे ऐकून आपले अक्षर चांगले नाही म्हणून संकोचणारा मराठी वृद्ध आम्हांस अगदी शक्य कोटीतला वाटतो.

'खून' हा फारसी शब्द रक्तवाचक आहे. हिंदीत तो रक्तासाठीही चालतो व हत्येसाठीही, मराठीत हत्येसाठीच. हिंदी रुग्णालयात 'खून की जाँच' म्हटले तर बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासावयाचे असते. नुकतीच गावाहून आलेली आजीबाई ते ऐकून पोलिसांची चौकशी आली असे समजली, तर तिला हसण्यात अर्थ नाही. 'शिकस्त' म्हणजे फारसीत मोडणे, हार. हिंदीत कोणी शिकस्त खाल्ली म्हणजे तो हरला. मराठीत कोणी प्रयत्नांची शिकस्त केली म्हणजे त्याने शक्ती मोडेपर्यंत धडपड केली. एकाला पराभव दिसतो तेथे दुसऱ्याला पराकाष्ठा दिसते.

आणि रुग्णालयाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मराठीत 'टीका' म्हणजे दोष दाखविणे. हिंदीत 'टीका' म्हणजे कपाळीचा टिळा आणि रोगप्रतिबंधक लससुद्धा. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविडच्या लसीकरणाला प्रारंभ झाला तेव्हा हिंदी मुलखात जागोजागी 'टीकाकरण केंद्र' अशा पाट्या लागल्या. टीका करण्यासाठी सरकारने केंद्र उघडले, असा अर्थ मराठी वाचकाने केला असता तर त्या केंद्रावर फार मोठी रांग लागली असती!

योगायोगाचे शेजारी

तिसरा वर्ग बुर्रोसारखा. मुळे निरनिराळी, वाटा निरनिराळ्या, पण झिजत झिजत रूप एकच झालेले. मराठीतील 'ऊन' हे 'उष्ण' या संस्कृत शब्दापासून आले; हिंदीतील 'ऊन' म्हणजे लोकर, ती 'ऊर्णा' या शब्दापासून. एक ऊन थंडीत अंगणात मिळते, दुसरे दुकानात. दोन्हींनी ऊबच येते, एवढा मेळ आहे. मराठीतील 'पीठ' हे 'पिष्ट' म्हणजे दळलेले यापासून झाले; हिंदीतील 'पीठ' म्हणजे पाठ, ती 'पृष्ठ' यापासून झाली. म्हणून हिंदी माणूस पीठ दुखते म्हणाला तर त्याला डब्याकडे पाठवू नये. मराठीत 'बाल' म्हणजे मूल; हिंदीत 'बाल' म्हणजे मूलही आणि डोक्यावरचे केसही. मराठीत 'खाली' म्हणजे वरच्या उलट. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामे, आणि तो शब्द अरबी आहे. 'सीट खाली है' असे ऐकून बाकाखाली वाकून पाहणारा प्रवासी विनोदी चुटक्यांत नेहमी भेटतो. पण पहिल्यांदा प्रवास करणाराला त्यात विनोद वाटत नाही.

या तिन्ही वर्गांच्या बाहेर, अगदी घरात, नात्यांचे शब्द उरतात. मराठीत 'दादा' म्हणजे थोरला भाऊ, हिंदीत आजोबा. मराठीत 'ताई' म्हणजे थोरली बहीण, हिंदीत वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. 'नाना' हे मराठीत वडीलधाऱ्या माणसाला घरोघरी लावलेले नाव, हिंदीत आईचे वडील. इंदूरच्या मराठी घरातील मूल शेजारच्या हिंदी काकूंना सांगते, 'दादा की परीक्षा है, और ताई की शादी है.' काकूंना वाटते, या घरचे आजोबा या वयात परीक्षेला बसले आहेत, आणि मोठ्या काकूंचे पुन्हा लग्न ठरले आहे! शेजारधर्म चांगला असल्यामुळेच असे गैरसमज चहाच्या एका पेल्यात विरघळून जातात. आणि 'आई' हा आपला सर्वांत जवळचा शब्द हिंदी वाक्यात केवळ एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ 'आली'. थकूनभागून घरी आलेल्या मराठी लेकरासाठी या दोन्ही अर्थांत फारसे अंतर नसते.

मग करावे काय?

पहिली गोष्ट ही की, यांपैकी कोणतीही भाषा चुकलेली नाही. 'शिक्षा'चा खरा अर्थ आमचाच, तुम्ही तो बिघडवला, असा वाद इंदुरात आम्ही पुष्कळदा ऐकतो, दोन्ही बाजूंनी ऐकतो. शब्दाचा मूळ अर्थ शोधणे हे मोठे आनंदाचे काम आहे. परंतु आज त्याचा अर्थ काय, हे बोलणारी माणसे ठरवतात, मूळ धातू ठरवीत नाही. नदीचे पाणी दोन पाटांत वळले म्हणजे एक पाट खरा व दुसरा खोटा होत नाही.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. जो शब्द अगदीच अनोळखी असतो तो फसवीत नाही, कारण त्याचा अर्थ आपण विचारतोच. फसवितो तो ओळखीचा वाटणारा शब्द. म्हणून आपल्या मुलांना उत्तरेकडे धाडताना एवढे जरूर सांगावे की, ज्या कागदावर नाव घालावयाचे, ज्या औषधाला होकार द्यावयाचा, ज्या दाव्यात जबाब द्यावयाचा, तेथे सोपा दिसणारा शब्दही समजून घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. 'आपके यहाँ इसका मतलब क्या होता है?' हे एक वाक्य पाठ केले तरी पुरे. असे विचारल्याने कोणी अडाणी ठरत नाही. शिकलेला वकीलही ते विचारतो, म्हणूनच तो वकील असतो.

तिसरी गोष्ट घरातली. इंदूरसारख्या नगरातील मराठी मुले शाळेत हिंदी व इंग्रजी लिहितात आणि घरी मराठी बोलतात. त्यांच्या मराठीत 'चेष्टा' आणि 'शिक्षा' यांची सरमिसळ होणारच. सुटीत ती आजोळी येतात तेव्हा गावातील भावंडे त्यांना हसतात, वडील माणसेही हसतात. दोनचार वेळा असे झाले की मूल मराठी बोलण्याचेच टाळू लागते. आजीला फोनवर 'हो', 'नाही' एवढेच उत्तर देते. शब्दाचा अर्थ चुकला तर तो सुधारता येतो. तोंड मिटले तर मात्र त्या घरातून भाषा निघून जाते, आणि तिच्याबरोबर आजी व नातवंड यांच्यातील बोलणेही जाते. त्यापेक्षा त्या मुलाला जवळ बसवून विचारावे, 'तुमच्याकडे याला काय म्हणतात? आमच्याकडे असे म्हणतात.' मूल दोन्ही अर्थ शिकेल, आणि आजीही एक नवा अर्थ शिकेल. हिंदी घरातून आलेल्या सुनेबाबतही हेच करावे. तिने 'चेष्टा केली' म्हटले तर तिचा शब्द धरून न बसता तिच्या हातची पोळी खाऊन पाहावी. तिने किती प्रयत्न केला ते त्या पोळीवरूनच कळेल.